रोलर रॉकर बसवल्यावर जुन्या धाटणीचं बुटकं टॅपेट कव्हर बसत नाही: स्पेसर टाकू, जाड पॅकिंग लावू, की कव्हर आतून घासू?

तुमचा प्रश्न मला असा समजला: शेव्हरोलेचं जुनं स्मॉल ब्लॉक व्ही-८, त्यातले पत्र्याचे मूळ रॉकर (एका टोकाने वर उचलले जाऊन दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या पट्ट्या) काढून ॲल्युमिनिअमचे रोलर रॉकर घातलेत. आता साठच्या दशकातल्यासारखी बुटकी, फिनवाली कव्हरं (रॉकरवरची झाकणं) हेडवर ठेवली की डुगडुगतात. बोल्ट आवळले की बसल्यासारखी वाटतात, पण इंजिन सुरू केलं की टकटक ऐकू येते. एकाने स्पेसर सुचवला, दुसऱ्याने दोन पॅकिंग, तिसरा म्हणतो ग्राइंडर फिरवा.

तिघांचंही बरोबर असू शकतं आणि तिघांचंही चुकू शकतं, कारण कव्हर आत कुठे लागतंय हे तिघांपैकी कुणीच पाहिलेलं नाही. तुम्हीही पाहिलेलं दिसत नाही. तेव्हा आधी इंजिन बंद ठेवा आणि ती जागा शोधा. माथ्याला लागतंय, कडेच्या भिंतीला लागतंय की आत जोडलेल्या एखाद्या पत्र्याला, यावर इलाज ठरतो. उंची वाढवली की सगळंच सुटेल असं वाटतं, पण भिंत सरळ असेल आणि रॉकरचं जाड अंग तिला घासत असेल, तर कव्हर अर्धा इंच वर उचललं तरी ते घासतच राहणार.

हे इंजिन १९५५ साली २६५ घनइंचांचं म्हणून आलं, तेव्हा त्याचा रॉकर म्हणजे दाबून घडवलेला पत्रा, त्यात एक अर्धगोल बॉल आणि वर बुटका नट. एवढंच. कव्हर त्याच मापाने बेतलेलं. रोलर रॉकरला बॉलच्या जागी सुई-बेअरिंगवर फिरणारा आडवा दांडा आणि टोकाला रोलर असतो, आणि हे सगळं पेलायला अंगही जाड लागतं. त्यावर पॉलीलॉक. हा उंच नट; त्याच्या पोटात एक सेट स्क्रू असतो, तो स्टडच्या, म्हणजे रॉकर ज्या उभ्या खुंटावर बसतो त्याच्या, माथ्यावर दाबून बसतो आणि नट सैल होऊ देत नाही. बहुतेक इंजिनांत कव्हरला सगळ्यात आधी भिडतो तो हाच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पॉलीलॉक वर-खाली होत नाही. तो स्टडवर जागच्या जागी असतो. कव्हर त्याच्यावर टेकलं तर ते नीट बसत नाही, बोल्ट आवळले की पत्रा वाकतो, पॅकिंग एका बाजूला दबून दुसऱ्या बाजूने तेल येतं. टकटक मात्र हलणाऱ्या भागाची असते, म्हणजे रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकाची (पुशरॉड म्हणजे कॅमची उचल रॉकरपर्यंत नेणारी दांडी). व्हॉल्व्ह खाली उघडतो तेव्हा हे टोक वर येतं. तुमच्याकडे कव्हर डुगडुगतंही आहे आणि टकटकही आहे, त्यामुळे माझा अंदाज असा की एक नाही, दोन ठिकाणी लागतंय.

माझी फजिती सांगतो. अशीच टकटक माझ्याकडच्या एका इंजिनात होती. आवाज थेट सैल टॅपेटचा. मी टॅपेट सेटिंग केलं, म्हणजे नट फिरवून रॉकरची ढिलाई जुळवली. पुन्हा आवाज. पुन्हा सेटिंग. तिसऱ्यांदा कव्हर काढलं तेव्हा कुठे ते उलटं करून उजेडात धरलं. आत तेलाच्या काळपट थरावर दोन चकचकीत खुणा होत्या, नखाएवढ्या, दोन रॉकरच्या बरोबर वर. कव्हर ओतीव होतं म्हणून बाहेरून काहीच कळलं नव्हतं. क्रोम केलेलं पत्र्याचं कव्हर असतं तर बाहेरून ओळीने पुटकुळ्या उठल्या असत्या. ॲल्युमिनिअमची करडी भुकटी तेलात गेली होती, ते तेल आणि फिल्टर बदलावं लागलं. तर तुमची कव्हरं आधी उलटी करा. कदाचित उत्तर तिथे लिहिलेलं असेल.

आता मोजणी. मुलांची खेळायची मऊ प्लास्टिसिन माती घ्या. पण त्याआधी पुशरॉडची लांबी आणि टॅपेट सेटिंग अंतिम करून टाका, कारण पॉलीलॉकची उंची त्यावरच ठरते. हा मुद्दा बरेच जण विसरतात: पुशरॉड गरजेपेक्षा लांब असेल तर रॉकर स्टडवर वर सरकतो, त्याच्याबरोबर पॉलीलॉकही. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर लावा, इंजिन हाताने फिरवा आणि रोलरने पुसलेला पट्टा बघा. पट्टा अरुंद आणि साधारण मध्यावर हवा. तो एका कडेला, रुंद पसरलेला असेल तर आधी पुशरॉडची लांबी तपासा. योग्य लांबीचे पुशरॉड घातल्यावर कव्हर आपोआप बसलं, असंही होतं.

मग प्रत्येक पॉलीलॉकच्या माथ्यावर, रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकावर आणि अंगाच्या दोन्ही कडांना मातीचा बोटभर जाड गोळा लावा. माती कव्हरला चिकटू नये म्हणून कव्हरला आतून तेलाचा हात फिरवा. जे पॅकिंग कायमचं वापरणार तेच घाला, आणि बोल्ट शेवटी आवळणार तेवढेच आवळा. पॅकिंग दबल्यावरची उंची खरी. स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. एक फेरा पुरत नाही, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक होतो, आणि सगळे व्हॉल्व्ह उघडून मिटायला तो एक पूर्ण व्हायला हवा. कुठे अडकलं तर पान्याने जोर लावू नका. कव्हर काढा, दबलेली माती ब्लेडने कापा आणि तिची जाडी कॅलिपरने मोजा. दोन्ही बाजूंचे सगळे सोळा रॉकर. एक बाजू ठीक निघाली म्हणून दुसरी सोडू नका.

मी निदान दीड मिलिमीटर जागा ठेवतो. हायड्रॉलिक लिफ्टर (कॅम आणि पुशरॉडच्या मधले, आत तेल भरणारे भाग) असतील तर पुशरॉडच्या बाजूला दोन किंवा जास्त. न भरलेला लिफ्टर स्प्रिंगच्या दाबाखाली आत बसतो, म्हणून हाताने फिरवताना ते टोक जेवढं वर येतं त्याहून चालत्या इंजिनात जास्त येतं.

मातीने जागा सांगितली की पुढचं काम सरळ आहे.

आतल्या पत्र्यांपासून सुरू करतो, कारण तिथे सगळ्यात जास्त चुका होतात. जुन्या पत्र्याच्या कव्हरांत रॉकरच्या वर छोट्या पट्ट्या असतात, कव्हरला लागलेलं तेल त्यांवरून बॉलवर ठिबकावं म्हणून. या इंजिनात रॉकरला तेल पोकळ पुशरॉडमधून मिळतंच, रोलर रॉकरला तर या ठिबकण्याची गरजच नाही. त्या पट्ट्या लागत असतील तर वाकवा किंवा काढून टाका, काही बिघडत नाही. मात्र पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेककडे नेणारी झडप) किंवा ब्रीदरच्या (हवा आत-बाहेर होण्याच्या) भोकाखालचा मोठा पत्रा, म्हणजे बॅफल, ही वेगळी गोष्ट आहे. रॉकरवरून उडणारं तेल पीसीव्हीच्या तोंडात जाऊ नये म्हणून तो आहे. तो उपटून फेकला तर इनटेकचा व्हॅक्यूम ते तेल ओढून घेतो, सायलेन्सरमधून निळा धूर येतो, आणि माणूस पिस्टन रिंग गेल्या म्हणून इंजिन खोलायला बसतो. बॅफल लागत असेल तर त्याच्या जागी चपटा बॅफल करून बसवा, नाहीतर पीसीव्ही दोन रॉकरच्या मधल्या मोकळ्या जागेवर हलवा. उघडं भोक ठेवू नका.

कव्हर ओतीव असेल आणि एखाद्या कोपऱ्यात किंवा भिंतीला दोन-चार ठिकाणीच लागत असेल, तर घासणं हाच बरा उपाय. कव्हर इंजिनावरून काढून, दूर नेऊन घासा आणि नंतर साबणाच्या पाण्याने, ब्रशने, फिनच्या फटींसकट धुवा. आधी भिंतीची जाडी मोजा. बाहेरच्या बाजूला जिथे खोल खाच आहे तिथे आत धातू कमीच असतो. आणखी एक: काही जुनी रेसिंगची कव्हरं मॅग्नेशियमची असतात. त्यांचा कीस पेट घेतो आणि पाण्याने विझत नाही. कव्हर हाताला वाजवीपेक्षा हलकं लागलं तर खात्री होईपर्यंत ग्राइंडर लावू नका. आणि कव्हर खरोखर त्या काळचं, अस्सल असेल तर माझं मत विचाराल तर ते घासूच नका. नवी नक्कल घ्या आणि ती घासा.

फक्त पॉलीलॉकचा माथा लागत असेल आणि दोन-तीन मिलिमीटरचाच प्रश्न असेल, तर बुटके पॉलीलॉक मिळतात. असलेलेच कापायचे तर लेथवर, वरच्या टोकाकडून, सगळे एका उंचीचे, आणि आत सेट स्क्रूला पुरेसे आटे शिल्लक ठेवून. रॉकरमध्ये बसणाऱ्या खालच्या टोकाला हात लावायचा नाही.

जाड पॅकिंग हा तेवढाच सोपा उपाय, पण मर्यादेत. दोन सूत, फार तर तीन सूत, म्हणजे पाव ते ३/८ इंच. पोटात स्टीलचा पत्रा असलेलं कॉर्कचं किंवा चांगल्या रबराचं घ्या. साधं जाड कॉर्क गरम झालं की बाहेर फुगतं. मग गळतं म्हणून आपण आणखी आवळतो, त्यामुळे ते आणखी फुगतं. दोन पॅकिंग एकावर एक लावायचीच तर मध्ये डिंक लावून एकजीव करा, नुसती ठेवली तर ती एकमेकांवरून घसरतात. पत्र्याच्या कव्हराच्या पाव इंची बोल्टना साधारण ५ न्यूटन-मीटर पुष्कळ होतात. त्याहून आवळलेल्या कव्हरच्या कडा बोल्टपाशी खड्ड्यासारख्या दबलेल्या असतात. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने त्या सपाट करा, आणि बोल्टखाली दाब पसरवणाऱ्या लांब पट्ट्या लावा.

याहून जास्त उंची हवी असेल तर स्पेसर. मी याच्या विरोधात नाही, पण स्पेसर म्हणजे एकाऐवजी दोन सांधे, म्हणजे तेल गळायला दोन जागा. दोन्ही तोंडं सपाट आहेत का ते काचेवर ठेवून बघा. बोल्ट लांब लागतील, आणि निदान बोल्टच्या व्यासाइतके आटे हेडमध्ये गेले पाहिजेत. कव्हर वर गेलं की ब्रेक बूस्टर, एसीचा ब्रॅकेट, प्लगच्या वायरी, सगळ्यांची जागा पुन्हा बघावी लागते. दिसण्याची काळजी असेल तर एक युक्ती आहे: स्पेसरला कव्हरचा नाही, इंजिनाचा रंग द्या. मग तो हेडचाच भाग वाटतो आणि कव्हर त्याच्या मूळ बुटक्या उंचीचंच दिसतं. बाजारातली काही नवी ॲल्युमिनिअमची हेड मुळातच कव्हरची कड उंच ठेवून ओतलेली असतात. तुमची तशी असतील तर निम्मं काम झालेलंच आहे.

कव्हर विकत घेतानाच पाहायची एक गोष्ट: १९५५ ते १९५९ च्या स्मॉल ब्लॉकची वरची आणि खालची बोल्टची भोकं समोरासमोर नसतात, १९६० पासून ती समोरासमोर आली, आणि १९८७ पासून बोल्ट कव्हरच्या मध्यातून जातात. तुमची 'जुन्या धाटणीची' कव्हरं यांपैकी कुठल्या भोकांची आहेत ते बघा. डुगडुगण्याचं कारण इतकं साधंही असू शकतं.

आता न विचारलेलं सांगतो. हे रॉकर तुम्हाला हवेतच का? १.५ च्या जागी १.६ गुणोत्तराचे (कॅमच्या उठावाच्या इतके पट व्हॉल्व्ह उघडणारे) घातले असतील तर फरक पडतो: कॅमचा उठाव ०.३०० इंच धरला तर व्हॉल्व्ह ०.४५० ऐवजी ०.४८० इंच उघडेल. पण गुणोत्तर तेच, कॅम सौम्य, स्प्रिंग साध्या आणि गाडी रविवारी फिरवायची, तर पत्र्याच्याच अंगाचे, टोकाला रोलर असलेले रॉकर घ्या. त्यांना अंगही बारीक आणि नटही बुटका, आणि बऱ्याच बुटक्या कव्हरांखाली ते मुकाट बसतात. उठाव जास्त असेल तर लांब खाचेचे घ्या, नाहीतर खाचेचं टोक स्टडला आपटतं. कडक स्प्रिंग, मोठा कॅम, स्टडना एकत्र बांधणारा गर्डल, अशी तयारी असेल तर मात्र बुटक्या कव्हरची आशा सोडा आणि उंच घ्या.

मातीची जाडी आली की इथे लिहा, कुठल्या जागी किती, आणि कव्हर पत्र्याचं आहे की ओतीव. त्यावरून घासायचं की उचलायचं ते सांगता येईल. आणि जे काही कराल त्यानंतर इंजिन एकदा पूर्ण गरम होऊन थंड झालं की कव्हर पुन्हा एकदा काढून उलटं करून बघा.