विकायला काढलेल्या जुन्या क्यूला किती हात लावावा?

प्रश्न : आमच्या शेजारच्या अमेरिकन आजोबांनी माझ्या यजमानांना त्यांची क्यू दिली होती, म्हणजे पूल या बिलियर्ड्ससारख्या टेबलावरच्या खेळात चेंडू मारायची लांब काठी. साठच्या दशकात ब्रुकलिनच्या एका कारागिराकडून मुद्दाम बनवून घेतलेली, एवढंच ते सांगायचे. आता यजमान नाहीत, मी लहान घरात जातेय, म्हणून ती विकायची आहे. क्यू दोन भागांची आहे, मधे स्टीलचा जोड. मुठीवरचा दोरा मळलाय, वार्निशला केसासारखे तडे गेलेत आणि पुढची काठी खडूने निळी पडलीय. मुलगा म्हणतो, घासून पॉलियुरेथेनचा चकचकीत थर मारू. एका दुकानदाराने ‘नव्यासारखी’ करून द्यायची तयारी दाखवलीय. पुण्याचा पुतण्या स्नूकर खेळतो, तो म्हणतो, काकू, मलाच पाठव. काय करू?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, आधी मुलाच्या हातातला पॉलिशपेपर काढून घ्या. दुकानदारालाही सध्या थांबायला सांगा. त्याने क्यू नव्यासारखी केली, तर ती कोणी बनवली हे सिद्ध करायला तुमच्या हातात काही उरणार नाही.

ब्रुकलिन आणि साठचं दशक म्हटलं की कोणीतरी तुम्हाला जॉर्ज बालाबुश्का हे नाव ऐकवणारच. १९१२ साली रशियात जन्मलेला हा माणूस लहानपणी अमेरिकेत आला, सुतारकामात मुरला आणि १९५९ पासून १९७५ मध्ये जाईपर्यंत ब्रुकलिनला क्यू बनवत राहिला. त्याच्या अस्सल क्यूला संग्राहक हजारो डॉलर मोजतात, आणि म्हणूनच बाजारात नकलांचा सुळसुळाट आहे. गुंता असा, की क्यूच्या मागच्या भागावर मुठीच्या पुढे असलेली ती लांब टोकदार नक्षी, ज्यांना आम्ही पॉइंट म्हणतो, ती असलेले तयार लाकडी सांगाडे तो बाहेरून घ्यायचा. सुरुवातीला ब्रन्सविक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ क्यूंचे, नंतर शिकागोच्या बर्टन स्पेनचे आणि पुढे पेनसिल्व्हेनियाच्या गस झांबोटीचे. टायटलिस्टवर इतरही अनेकांनी काम केलंय. त्यामुळे नुसते पॉइंट पाहून कारागीर ओळखता येत नाही. जाणकार जोडाचा स्क्रू, त्याचे आटे, कड्यांची ठेवण, दोरा, तळाची टोपी आणि मूळ लॅकर, म्हणजे तुम्ही म्हणता ते वार्निश, एकत्र पाहून अंदाज बांधतो. काही कारागिरांची सही या लॅकरखालीच असते. तुमच्या क्यूवरचे केसासारखे तडे हे लॅकर जुनं असल्याची खूण आहे, त्यांची लाज वाटून घेऊ नका.

घासण्याने आणखी एक नुकसान होतं. पॉइंट हे लाकडात तिरक्या कापलेल्या खाचांमध्ये बसवलेले असतात, टोकाकडे खाच उथळ होत जाते. वरून लाकूड उतरलं की टोकं आखूड होतात, चारही सारखी राहत नाहीत. शिंपल्याचं जडावकाम असेल तर ते पातळ होतं.

मी मूळचा मिरजेचा, सतारमेकर गल्लीत खेळत वाढलेला. तिथे जुनी सतार दुरुस्तीला आली की तारा बदलत, जवारी काढत, सैल पडदे बांधत, पण भोपळ्याला उगाच कोणी हात लावत नसे. आज इथे फिलाडेल्फियाजवळ लेथवर क्यू दुरुस्त करतानाही मी तोच हिशेब ठेवतो. क्यूमध्ये झिजण्यासाठीच असलेल्या गोष्टी म्हणजे टिप (चेंडूला लागणारी टोकाची चामड्याची टिकली), दोरा आणि तळाचा रबर. त्या बदलल्या तर कोणी नाक मुरडत नाही.

दोरा मळलाय म्हणता, तो नुसता मळला असेल तर राहू द्या. धुऊ नका, पाणी खालच्या लाकडात जातं. तुटून सुटत असेल तरच बदलून घ्या, तोही आयरिश लिननचाच आणि त्याच रंगाचा, त्याच ठिपक्यांचा. कारागीर तो लेथवर फिरवत एकेक वेढा घट्ट बसवतो, टोकं आत दाबतो, मग खळ लावून घोटतो. काढलेल्या दोऱ्याचा वीतभर तुकडा पाकिटात जपून ठेवा, पुढच्या गिऱ्हाइकाला तो दाखवता येतो.

निळ्या काठीचं काम तुम्ही स्वतः करू शकता. पांढरा मेलामाइनचा स्पंज घ्या, ओला करून गच्च पिळा. जोडापासून टिपेकडे हलक्या हाताने थोडं फिरवा आणि लगेच कोरड्या सुती कापडाने पुसा. लाकडाचे रोम उभे राहतील, ते बसवायला साध्या कागदाची घडी काठीभोवती धरून जोरात वरखाली घासा, हाताला ऊब लागेपर्यंत. सगळा निळेपणा जाणार नाही, आणि तो घालवायच्या मागे लागूच नका. हा स्पंजसुद्धा थोडं लाकूड खातोच. जुनी काठी टिपेपाशी साधारण १३ मिलिमीटरची असते, ती बारीक झाली की जोडापाशीही कडं आणि लाकूड एका पातळीत राहत नाही. मूळ काठी गेली तर किंमत चांगलीच घसरते.

काठीत बारीक खड्डा असेल तर त्यावर पाण्याचा थेंब ठेवा, थोड्या वेळाने ओल्या कागदावरून इस्त्रीचं टोक टेकवा. वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं. पण हे फक्त उघड्या लाकडावर. मागच्या लॅकरच्या भागावर वाफ गेली तर पांढरा डाग पडेल. त्या भागाला मऊ कोरडं कापड पुरे. सिलिकॉनवालं चकाकी आणणारं पॉलिश अजिबात नको, पुढे कधी खरोखर लॅकर द्यायची वेळ आली तर त्यावर ते नीट धरत नाही.

क्यू वाकली आहे का ते पाहायला काचेच्या टेबलावर दोन्ही भाग आधी वेगवेगळे लोळवा, मग जोडून. खालून उजेडाची फट कुठे उघडमीट करते ते दिसेल. बाक आढळला तर वजन टांगून किंवा गरम करून सरळ करायला जाऊ नका. गिऱ्हाइकाला तसं सांगून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे दुकानदाराने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. टिपेखालची ती पांढरी टोपी, म्हणजे फेरूल, आणि कदाचित जोडाचं कडं किंवा जडावकाम, जुन्या महागड्या क्यूमध्ये हस्तिदंताचं असू शकतं. न्यू जर्सीत २०१४ च्या कायद्याने हस्तिदंत विकणं किंवा विक्रीला मांडणं बंद आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. संघराज्याच्या २०१६ च्या नियमात थोड्या हस्तिदंताला अटींसह सवलत आहे, पण तुम्ही एडिसनमध्ये बसून विकणार, तेव्हा राज्याचा कायदा आधी. ओळखायचं असं : दुरुस्ती करणाऱ्याकडून टिप काढून घ्या आणि फेरूलचा उघडा पडलेला पृष्ठभाग भिंगाखाली धरा. एकमेकींना छेदणाऱ्या वळणदार रेघांची बारीक जाळी दिसली तर तो हत्तीचा दात. प्लास्टिकमध्ये ती जाळी नसते. तापलेल्या सुईची परीक्षा कोणी सुचवली तर नको म्हणा. फेरूलच तेवढं हस्तिदंताचं असेल तर ते काढून साध्या मटेरियलचं बसवता येतं. काढलेला तुकडा तुमच्याकडेच ठेवा, गिऱ्हाइकाला देऊ नका. जडावकामातच असेल तर विकायचा विचार सोडून क्यू मुलाला वारशाने द्या, त्याला कायद्याची आडकाठी नाही. शंका राहिली तर मांडण्याआधी वकिलाला विचारा.

कायद्यामुळेच पुण्याला पाठवणंही जपून. ब्राझिलियन रोजवूड हे लाकूड १९९२ पासून परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही आणि जुन्या क्यूंमध्ये ते सर्रास सापडतं. शिवाय पुतण्याला ती उपयोगाची नाही. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटरचा, पूलचा ५७ च्या वर. स्नूकरची क्यू बहुधा ॲश लाकडाची, पितळी फेरूलची, साडेनऊ-दहा मिलिमीटर टिपेची. या जाड काठीने त्याला स्नूकर नीट खेळता यायचं नाही.

तळघरात असेल तर क्यू वर आणा, राहत्या खोलीत आडवी ठेवा, गाडीच्या डिकीत नको. मग दिवसाच्या उजेडात फोटो काढा : चारही पॉइंट, जोडाची दोन्ही तोंडं, स्क्रूचे आटे, तळाची टोपी, तडे, डाग, सगळं. आजोबा जे सांगायचे ते आठवेल तसं लिहून सही-तारीख करा. त्यांचा क्यू हातात असलेला एखादा फोटो, जुनी पेटी, पावती त्यांच्या मुलांकडे असेल तर जरूर मागा. हे सगळं घेऊन कमीत कमी दोन वेगळ्या जाणकारांना दाखवा, आणि त्यातला एक तरी असा हवा ज्याला ती स्वतः विकत घ्यायची नाही.