पडदे नंतर, आधी तळ तपासा

मार्च सरत आला की इथे मिशिगनमध्ये बर्फ वितळायला लागतो, लोक अंगणातल्या पॉपअपवरची, म्हणजे गाडीमागे ओढायच्या घडीच्या ट्रेलरवरची, ताडपत्री काढतात आणि मला पत्रं यायला सुरुवात होते. हजार-दीड हजार डॉलरांत जुना पॉपअप कॅम्पर मिळतो, छत वर करून दोन्ही टोकांच्या खाटा बाहेर ओढल्या की पाच-सहा जणांची झोपायची सोय होते. आपल्या मराठी घरांना तो आवडतो यात नवल नाही. पण बहुतेक पत्रं रंगापासून सुरू होतात, आणि जूनमध्ये त्याच घरांतून दुसरं पत्र येतं : पाणी कुठून येतंय तेच कळत नाही. म्हणून यंदा काही उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न : वीस वर्षांचा पॉपअप घेतला. टायरची नक्षी अगदी नव्यासारखी आहे. चालतील ना? (डॅलस)

नाही. टायरच्या कडेवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. एका बाजूला क्रमांक अपुरा दिसला तर दुसऱ्या बाजूला बघा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उभ्या उभ्याच म्हातारे होतात आणि मग भर हायवेवर फुटतात. पाच-सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर बदला, ट्रेलरसाठीचेच घ्या. चाकं निघालीच आहेत तर बेअरिंग उघडून तपासून घ्या आणि नवं ग्रीस भरून घ्या.

प्रश्न : विक्रेत्याकडे टायटल, म्हणजे मालकीचा कागद, नाही. नुसत्या विक्रीच्या पावतीवर काम होतं म्हणतो. (अटलांटा)

आधी तुमच्या राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयाला विचारा, मग पैसे द्या. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.

प्रश्न : काका, आम्ही १९९८ चा पॉपअप घेतला. आधीच्या मालकाने आतून पांढराशुभ्र रंग दिलाय, खाली नवं व्हिनाइलचं फ्लोअरिंग टाकलंय. दाराजवळ पाय ठेवला की जमीन किंचित दबते. वरून आणखी एक प्लायवूड ठोकलं की झालं, असं एकाने सांगितलं. पडदे शिवायला टाकलेत. (न्यू जर्सी)

पडदे थांबवा. प्लायवूडही ठोकू नका.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक पॉपअप माझ्या शेडमध्ये आला. पांढरी कपाटं, राखाडी फ्लोअरिंग, फोटोत दृष्ट लागावी असा. पुढच्या कोपऱ्यातली एक पट्टी उचलली तर खालचं लाकूड काळं पडलेलं. दाभण टेकवलं, जोर लावलाच नाही, तरी ते मुठीपर्यंत आत गेलं. हाताने तुकडा काढला तर चहात बुडवलेल्या खारीसारखा बोटांत विरघळला. त्या कुटुंबाने विक्रेत्याला निव्वळ रंगाचे पाचशे डॉलर जास्त मोजले होते. रंगाच्या चार डब्यांत सडकं लाकूड झाकायचं आणि ‘नूतनीकरण केलेला’ म्हणून विकायचं, हा धंदा मला मनापासून चीड आणतो, कारण त्यात फसतो तो पहिल्यांदा घेणारा.

आता तळ एवढा महत्त्वाचा का, ते बघा. पॉपअपमध्ये लोखंडी सांगाड्यावर प्लायवूडचा तळ बोल्टने कसलेला असतो. भिंती त्या तळावर उभ्या, कपाटं त्यालाच स्क्रूने धरलेली. तळ कुजला की स्क्रूंची पकड जाते, भिंत हलते, छत उचलणाऱ्या खांबांची रेषा बिघडते. वरून दुसरं प्लायवूड ठोकलंत तर ओलावा दोन थरांमध्ये कोंडतो, कूज पसरत राहते आणि वजन वाढतं ते वेगळंच.

शिवाय दाराजवळ जमीन मऊ लागते म्हणजे पाणी दारातूनच आलं असं नाही. ते छताच्या कडेच्या पट्टीखालून, कोपऱ्यातल्या सांध्यातून किंवा पुढच्या सामानाच्या पेटीतून शिरतं आणि उतार मिळेल तिकडे जातं. म्हणून आधी वाट शोधा. दोन पिनांचा ओलावा मोजायचा मीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. हातभर अंतरावर मोजत जा आणि आकडे खडूने तिथेच लिहा. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर असेल तर तिथे पाणी अजून येतंय असं समजा. ट्रेलरखाली जाऊन खालूनही टोचून बघा, पण आधी तो नीट टेकूंवर घ्या. तळाला खालून डांबरासारखा काळा लेप असतो. तो वरवर धड दिसतो आणि आत लाकडाचा भुसा झालेला असतो.

आणि कृपा करून छताच्या सांध्यांवर सिलिकॉन फासू नका. व्हिडिओत बघून प्रत्येक जण तेच करतो. सिलिकॉन दोन हिवाळ्यांत कडेने सुटतं, आणि त्याच्यावर नंतर दुसरं काहीच धड चिकटत नाही. पट्टी उघडायची, जुना मसाला प्लास्टिकच्या पात्याने खरवडायचा, अल्कोहोलने पुसायचं, खाली ब्युटाइलची (चिकट रबरी) टेप लावून पट्टी पुन्हा कसायची आणि वरून छताच्या सांध्यांसाठीच बनवलेलं सीलंट. एका माणसाचा शनिवार-रविवार जातो, तो जाऊ द्या.

तळहाताएवढीच कूज असेल तर निरोगी लाकडापर्यंत कापून, कडा सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर टेकतील असा तुकडा बसवता येतो. भिंतीखाली गेली असेल तर पडद्याचे पैसे वाचवा आणि ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा. फोटो पाठवून मला ‘किती खर्च येईल’ विचारू नका, फोटोत वास येत नाही.

प्रश्न : छत वर करताना एक कोपरा मागे राहतो. विंच (छत उचलायची चरखी) जोरात फिरवली तर येईल का? (टोरांटो)

फिरवू नका. केबलची एखादी तार तुटली असेल, ती ताणली गेली असेल किंवा कप्पी अडकली असेल. जोर लावलात तर उरलेल्या केबलवर भार येतो. छत वर असताना चारही कोपऱ्यांना लाकडी टेकू दिल्याशिवाय खाली हातही घालू नका. आणि एसी, सोलर पॅनेल छतावर चढवायचा विचार असेल तर थांबा. एसी एकटाच ऐंशी-शंभर पौंड भरतो. तुमचं छत आणि उचलण्याची यंत्रणा तेवढ्या भाराची आहे का, हे बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात बघा. सोलर पॅनेल जमिनीवर उन्हात ठेवलं तरी वीज तेवढीच देतं.

प्रश्न : जुनी बॅटरी काढून लिथियम टाकली. चार्ज पूर्ण होत नाही. फ्रिजही रात्रीत बॅटरी संपवतो. (सिॲटल)

जुना कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा डबा, शिसं-आम्लाच्या बॅटरीसाठी बनवलेला आहे. लिथियमसाठी वेगळी सोय असलेला कन्व्हर्टर लागतो, तो बसवून घ्या. गोठणबिंदूखाली ती बॅटरी चार्ज करू नका. पॉपअपमधला फ्रिज वीज आणि गॅस दोन्हींवर चालतो. बारा व्होल्टवर तो दहा अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणून विजेवर फक्त गाडी चालू असताना चालवा. मुक्कामाला गॅसवर चालवा, ट्रेलर समतल ठेवून. जुने बल्बही बदलून एलईडी लावा : जुना एकेक दीड अँपिअर खातो.

प्रश्न : आतला हीटर वर्षानुवर्षं पेटवलेला नाही. गॅसचा छोटा हीटर किंवा कोळशाची शेगडी आत ठेवली तर? भिंती कापडाच्याच आहेत, हवा खेळती राहतेच ना? (शिकागो)

राहत नाही. पावसात किंवा दवात भिजलेलं कॅनव्हास हवा फारशी जाऊ देत नाही, आणि थंडीत तुम्ही खिडक्यांच्या चेनही लावून घेता. कोळसा तर विझल्यासारखा दिसला तरी तासन् तास कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्या वायूला वास नाही, रंग नाही. गॅसला आपल्याला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, याला तोही नाही. शेगडी बाहेर. आतल्या उष्णतेसाठी ट्रेलरचा मूळ हीटर, ज्याचा धूर नळीने बाहेर जातो.

तो हीटर पेटवण्याआधी मात्र गॅसच्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. बंद पडलेल्या हीटरच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर बांधते, मी दर वसंतात निदान दोन-तीन काढतो. ते राहिलं तर धूर आतच परततो. रेग्युलेटर आणि रबरी नळी नवी घ्या, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. ट्रेलरमधल्या सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्मच्या पाठीवर तारीख छापलेली असते. तो पाच ते सात वर्षांत संपतो, बटण दाबल्यावर वाजला तरी. गॅसचा अलार्म जमिनीलगत हवा, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो.

रात्री कोणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, मूल उठवूनही उठेना, तर थंडीचा विचार न करता सगळ्यांना बाहेर काढा आणि ९११ लावा.