दिव्यांग मुलाला मोठेपणीच्या आयुष्यासाठी कसं तयार करावं?

तुमचा मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याला बौद्धिक अक्षमता आहे, बोलणं अस्पष्ट आहे आणि शाळा १८व्या वर्षी संपणार आहे. तयारी कधी आणि कुठून सुरू करावी, असं तुम्ही विचारलंय. घरचे म्हणतात, ‘आधी त्याला स्वतःचं स्वतः करायला नीट येऊ दे, मग पुढचं बघू.’ आणि धाकट्या मुलीवर पुढे किती भार पडेल याचीही तुम्हाला काळजी वाटते.

मी विशेष शिक्षिका आहे आणि शाळेच्या शेवटच्या वर्षांतल्या मुलांबरोबर काम करते. तयारी आत्ताच सुरू करा. इंग्लंडमध्ये आरोग्य आणि समाजसेवांसाठी २०१६ साली जी अधिकृत मार्गदर्शिका निघाली, तिनेही बहुतेक मुलांसाठी १३-१४ हेच वय सांगितलं आहे. म्हणजे तुम्हाला अजिबात उशीर झालेला नाही. मात्र ‘आधी येऊ दे, मग बघू’ हे मला मुळीच पटत नाही. या एका वाक्यापायी मुलांची वर्षंच्या वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

त्या विचारात काय होतं, बघा. बटणं लावता येत नाहीत, म्हणून कामाच्या ठिकाणी न्यायचं नाही. पैसे मोजता येत नाहीत, म्हणून खरेदी करू द्यायची नाही. मुलगा १७ वर्षांचा होतो तरी वर्गात रंगीत मणीच वेगळे करत बसलेला असतो, कारण तो अजून ‘तयार’ नाही. बटणं त्याला कदाचित कधीच लावता येणार नाहीत. वेल्क्रो लावलं की तो प्रश्न मिटतो. पण कुठला शर्ट घालायचा, तो घालून कुठे जायचं आणि कुणाबरोबर जायचं, हे त्याला कधीच कुणी विचारलं नसेल, तर ती उणीव भरून काढणारं वेल्क्रो नाही.

अमेरिकेतल्या दिव्यांग हक्क चळवळीचे एक नेते एड रॉबर्ट्स यांना लहानपणी पोलिओ झाला आणि मानेखालच्या शरीराची जवळजवळ सगळी हालचाल गेली. १९६२ मध्ये ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा त्यांना झोपायला आयर्न लंग, म्हणजे श्वास चालू ठेवणारं मोठं यंत्र, लागत असे. पुढे १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे दिव्यांगांनीच चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र उभं केलं. त्यांचं म्हणणं असं की, स्वतंत्र असणं म्हणजे सगळं स्वतःच्या हाताने करणं नाही, आपल्या आयुष्याचे निर्णय आपल्या हातात असणं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मी हेच मुख्य धरेन. कौशल्यं शिकवाच, पण निर्णय घ्यायची सवय त्याच्या आधीपासून लावा.

ही सवय लहान गोष्टींपासून लागते, पण त्या खऱ्या हव्यात. ‘निळा की लाल’ विचारायचं आणि त्याने लाल म्हटल्यावर ‘अरे, निळाच चांगला दिसतो तुला’ म्हणून निळा चढवायचा, असं झालं तर विचारून न विचारल्यासारखंच. ज्या गोष्टीत त्याचं ‘नको’ तुम्ही खरोखर मान्य करू शकाल, तीच विचारा. आधी कपडे, सुट्टीचा दिवस कसा घालवायचा, खोलीत काय कुठे ठेवायचं. मग घरी कुणाला बोलवायचं, केस कसे कापायचे. काही महिन्यांनी निर्णय थोडे मोठे करा आणि एखादा चुकू द्या. आवडले म्हणून घट्ट बूट घेतले, तर ते घट्टच होणार. पुढच्या वेळी तो चालून बघेल. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या हक्कांबद्दल लिहिणारे अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्येच लिहिलं होतं की, धोका पत्करायला मिळण्यातही माणसाचा सन्मान आहे आणि प्रत्येक धोक्यापासून वाचवत राहणं हे त्याला माणूस म्हणून कमी लेखणं आहे. जिवावर बेतेल असा धोका कुणीच पत्करायला सांगत नाही. पण रोजच्या साध्या चुकांचा हक्क या मुलांना फार क्वचित मिळतो.

बोलणं अस्पष्ट आहे म्हणता, तर संवादासाठी दुसरी सोय आजच करा. चित्रफलक असेल, मोबाइलवरचं ॲप असेल, खुणा असतील. ‘अशाने बोलायचा आळस करेल’ ही भीती अनेकांना वाटते, ती निराधार आहे. फलकावर काय असतं हे मात्र नीट बघा. बहुतेक फलकांवर मागायच्या वस्तूंची चित्रं भरपूर असतात. ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’, ‘मला हा माणूस आवडत नाही’, ‘मला एकट्याला राहायचंय’ यांतलं एकही नसतं. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावंही हवीत, गुप्तांगांसकट.

यावरून एक प्रसंग सांगते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेला माझ्या वर्गातला एक मुलगा फलकावर बोट ठेवून बोलतो. त्याच्याबरोबर आणि त्याच्या आईबरोबर मी दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी सवयीने आईकडे बघून विचारलं, ‘याला झोप नीट लागते का?’ आईने उत्तर दिलं नाही. फलक त्याच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाली, ‘तुला विचारताहेत.’ त्याचा हात पोचायला वेळ लागतो. आधी कोपर वर जातं, मग मूठ उघडते, मग बोट चित्रावर येतं. तेवढा वेळ आम्ही तिघंही गप्प होतो, आणि ते गप्प बसणं सोपं नव्हतं. त्याने ‘रात्र’ दाखवलं, मग ‘पाय’, मग ‘दुखतंय’. रात्री त्याचे स्नायू आखडत होते. तो रडत नव्हता, म्हणून आईला पत्ता नव्हता. त्या दिवशी औषधाच्या वेळा बदलल्या.

दवाखाना मला सरावासाठी फार मोलाचा वाटतो, कारण १८च्या सुमाराला बालरोगतज्ज्ञ सुटतात आणि मोठ्यांचे डॉक्टर सुरू होतात. लहानपणापासून ओळखणारा डॉक्टर जातो आणि नव्याला काहीच माहीत नसतं. म्हणून आपल्याला काय झालंय, कुठलं औषध कधी घेतो, कशाची ॲलर्जी आहे, हे मुलाला स्वतः सांगता किंवा कार्डावर दाखवता यायला हवं. स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेला असणं) असलेल्या अनेकांना लेटेक्सची, म्हणजे हातमोज्यांतल्या नैसर्गिक रबराची, ॲलर्जी असते. नर्सने हातमोजे घालण्याआधीच ‘लेटेक्स नको’ म्हणता आलं पाहिजे. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची तपासणी मोठेपणीही नियमित चालू ठेवावी लागते, पण आठवण करून देणारा डॉक्टर बदलला की हीच तपासणी राहून जाते. फिट येत असतील तर त्या कशा येतात आणि आल्यावर काय करायचं, हे कार्डावर लिहिलेलं असावं. जुन्या आणि नव्या डॉक्टरांची एक भेट एकत्र घडवता आली तर जरूर घडवा.

आता शरीराचं. पालक हे सगळ्यात शेवटी विचारतात किंवा विचारतच नाहीत. लहानपणापासून ज्याला अंघोळ, कपडे, शौच यांत मदत लागली, त्याच्या मनात नकळत बसलेलं असतं की मोठ्या माणसांनी आपल्या अंगाला हात लावायचाच असतो. पुढे कुणी गैरफायदा घेतला तर यात काही वावगं आहे हे त्याला कळणार कसं? म्हणून मदत करतानाही विचारा: ‘आता पाठ धुऊ का?’ उत्तरासाठी थांबा. दार लावा, त्याच्या खोलीत जाताना टकटक करा. वयात येताना होणारे बदल, हस्तमैथुन खाजगी जागीच करायचं असतं, मुलींच्या बाबतीत पाळी, संमती म्हणजे काय, हे सगळं साध्या शब्दांत, चित्रांसह आणि पुन्हा पुन्हा सांगायचं असतं. ‘त्याला काय कळतंय’ म्हणून टाळलेली माहिती त्याला चुकीच्या माणसाकडून मिळते. त्यालाही प्रेम करावंसं वाटेल, जोडीदार हवासा वाटेल. त्याबद्दल बोलायला घरात जागा ठेवा.

कौशल्यांच्या बाबतीत मी अमेरिकी विशेष शिक्षणतज्ज्ञ मार्क गोल्ड यांचा मोठा आधार घेते. १९७०च्या दशकात, ज्यांना कारखान्यातलं कुठलंच काम जमणार नाही असं मानलं जाई, अशा बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना त्यांनी सायकलचा ब्रेक सुट्या भागांपासून जोडायला शिकवलं. ते फार बोलत नसत. चुकलं की एवढंच सांगत, ‘दुसऱ्या तऱ्हेने करून बघ.’ शिकणाऱ्याला येत नसेल तर शिकवणाऱ्याने अजून रीत शोधलेली नाही, असं ते मानत. कामाचे बारीक तुकडे करायचे, जिथे अडतं तेवढाच तुकडा सुधारायचा आणि मदत हळूहळू काढून घ्यायची.

डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलीला मी बसने एकटीने यायला शिकवलं, तेव्हा माझी बसायची जागाच मदतीचं माप होती. सुरुवातीला तिच्या शेजारी, मग मागच्या सीटवर, मग बसच्या दुसऱ्या टोकाला, आणि शेवटी मी बसमध्ये नसून थांब्यावर उभी. तिला थांबे मोजता येत नव्हते, म्हणून उतरायच्या आधी दिसणाऱ्या पुलाचा फोटो तिच्या फोनमध्ये ठेवला. पूल दिसला की उठायचं. एवढं जमल्यावर सगळे खूश झाले, पण मला काळजी वेगळीच होती: पूल हुकला तर? म्हणून मी मागे बसलेली असताना तिला मुद्दाम एक थांबा पुढे जाऊ दिलं. उतरायचं, थांब्यावरच थांबायचं, घरी फोन लावायचा, एवढा क्रम आम्ही पुन्हा पुन्हा करून बघितला. ठरल्याप्रमाणे घडतं तेवढंच शिकवलं, तर पहिल्याच अडचणीला सगळं कोसळतं आणि मग घरचे म्हणतात, बघा, जमत नाही हिला.

पैशांबद्दल थोडक्यात. हिशेब जमायची वाट बघू नका. छोटी मर्यादा घातलेलं कार्ड किंवा नेमकी रक्कम ठेवलेलं पाकीट घेऊन तो आजही व्यवहार करू शकतो. पिन कुणाला सांगायचा नाही, हे मात्र घोटून घ्या.

कामाचंही तेच. पूर्वी वर्षानुवर्षं प्रशिक्षण आणि मग कधीतरी नोकरी, असा क्रम होता. १९८०च्या दशकापासून उलटा क्रम रुजत गेला: आधी खऱ्या कामाच्या जागी रुजू करायचं आणि तिथेच, जॉब कोचच्या (कामाच्या जागी सोबत राहून शिकवणाऱ्याच्या) मदतीने, ते काम शिकवायचं. शाळेत असतानाच ज्यांना खऱ्या कामाचा, त्यातही पगारी कामाचा अनुभव मिळतो, त्यांना पुढे नोकरी मिळण्याची शक्यता जास्त असते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यामुळे येत्या दोन वर्षांत त्याला वेगवेगळ्या दोन-तीन ठिकाणी आठवड्यातले काही तास काम करू द्या. कुणी न सांगता तो काय करत राहतो, ते टिपा. वस्तू ओळीने लावतो का, झाडांपाशी रमतो का, माणसांचं स्वागत करायला पुढे धावतो का? आणि काय सहन होत नाही तेही लिहा. गोंगाटात कान झाकणाऱ्या मुलाला कारखान्यात पाठवून ‘त्याला कामाची आवड नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

आता कायद्याचं. बहुतेक देशांत १८व्या वर्षी तो कायद्याने सज्ञान होतो आणि अनेक पालकांना लगेच संपूर्ण पालकत्व, म्हणजे त्याचे सगळे निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार, घ्यायचा सल्ला दिला जातो. घाई करू नका. दिव्यांगांच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा २००६चा करार कलम १२ मध्ये स्पष्ट म्हणतो की, दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे आणि ती वापरताना लागेल ती मदत तिला मिळायला हवी. म्हणजे निर्णय त्याचा, समजावून द्यायला विश्वासाची माणसं सोबत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने त्यासाठी १९९६ मध्येच कायदा केला. तुमच्याकडे काय सोय आहे, ते १७ पूर्ण व्हायच्या आत वकिलाला विचारा. पालकत्व घ्यावंच लागलं, तर ज्या बाबतीत अगदी गरज आहे तेवढ्यापुरतं घ्या.

त्याच्या भविष्याबद्दल शाळेत किंवा घरी जी बैठक होईल, तिला तो हजर असलाच पाहिजे. सुरुवात त्याच्या फोटोंनी करा: मला काय आवडतं, काय जमतं, कशात मदत लागते. तो मध्येच उठून गेला तरी चालेल. पण तो खोलीत असला की मोठ्यांची भाषा बदलते, हे मी दरवेळी बघते.

आणि मुलीबद्दल. ‘आमच्यानंतर याचं कोण’ हा प्रश्न बहुतेक घरांत बहिणी-भावाला न विचारताच सोडवलेला असतो. तिला विचारा, आणि ‘नाही’ म्हणायची मोकळीक देऊन विचारा. भावाबरोबर बहीण म्हणून राहणं आणि त्याची सगळी व्यवस्था बघणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती पहिलीला आनंदाने तयार असेल आणि दुसरीला नसेल, तर त्यात काहीच गैर नाही. मदतीचं वर्तुळ तिच्यापलीकडे वाढवणं हे तुमचं काम: एखादा चुलतभाऊ, शेजारी, जुने शिक्षक, त्याचा स्वतःचा मित्र. एका वहीत त्याची औषधं, सवयी, भीती, तो ‘हो’ आणि ‘नाही’ कसं दाखवतो, कशाने शांत होतो, हे सगळं त्याला विचारत विचारत लिहून ठेवा आणि दर वाढदिवसाला ते त्याच्याबरोबर बसून बदला. ती वही कुठे आहे हे मुलीसकट आणखी दोघांना तरी ठाऊक असू द्या.