अमेरिकेतील फेडरल कर भरण्याइतके पैसे नसल्यास विवरणपत्र लांबणीवर टाकावे का?

टाकू नये. विवरणपत्र न भरल्याचा दंड थकीत करावर दरमहा ५ टक्के असून तो २५ टक्क्यांपर्यंत चढतो, तर विवरणपत्र वेळेत देऊन केवळ पैसे थकवल्यास सर्वसाधारणपणे दरमहा अर्धा टक्काच दंड लागतो. व्याज मात्र दोन्ही परिस्थितींत चालूच राहते. म्हणजे ४,००० डॉलर थकले, तर महिन्याला २०० ऐवजी २० डॉलर. ४८६८ क्रमांकाचा मुदतवाढीचा अर्ज ऑक्टोबरपर्यंत सवलत देतो ती विवरणपत्राला, पैशाला नाही, आणि नेमके इथेच बरेच जण फसतात. देणे दंड-व्याजासह ५०,००० डॉलरपर्यंत असेल आणि मागची सर्व विवरणपत्रे दाखल असतील, तर आयआरएस या अमेरिकेच्या फेडरल करखात्याच्या संकेतस्थळावरूनच मासिक हप्त्यांसाठी अर्ज करता येतो. करनिर्धारणापासून साधारणपणे १० वर्षांनी वसुलीची मुदत संपते. मात्र कमी रकमेत देणे मिटवण्याचा तडजोडीचा प्रस्ताव विचाराधीन असेल तेवढा काळ त्यात धरला जात नाही.