कोल्ड रूममध्ये प्रथिन कॉलमला का धरत नाही?

प्रश्न : मी प्रथिनशुद्धीकरणावर पीएच.डी. करते. एचपीएलसीवर (जास्त दाबाने द्रव ढकलून मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) सी-१८ कॉलमचं (अठरा कार्बनांच्या साखळ्या लावलेल्या कणांनी भरलेली नळी) तापमान वाढवलं की पीक (बाहेर पडणाऱ्या घटकाचा आलेखातला उंचवटा) लवकर येतो. म्हणजे गारठ्यात पकड घट्ट होणार, असं समजून फिनाइल सेफारोजचा (फिनाइल हे तेलकट गट लावलेल्या मण्यांचा) कॉलम ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये लावला. प्रथिन सगळं फ्लो-थ्रूमध्ये, म्हणजे न चिकटता आरपार वाहणाऱ्या द्रवात, निघून गेलं. दोन्हीकडे हायड्रोफोबिक (जलविरोधी) आकर्षणच आहे ना? मग उलट का?
– संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही स्वेटर घालून अशाच खोलीत उभी होते. ब्रॅडफर्ड (प्रथिन असेल तर निळा होणारा रंग) टाकल्यावर कॉलममधून आलेल्या द्रवाच्या पहिल्या काही नळ्या गडद निळ्या, पुढच्या साऱ्या तपकिरी. तीन दिवस मी रेझिनलाच, म्हणजे कॉलममधल्या मण्यांनाच, दोष दिला. चौथ्या दिवशी खोलीचा कॉम्प्रेसर बिघडला म्हणून कॉलम बाहेर बाकावर आणला. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) तोच, प्रथिन तेच, आणि ते छान धरलं! तुमचं पत्र वाचून तो दिवस आठवला.

‘जलविरोधी’ या शब्दाने घोटाळा होतो. फिनाइलचं पाण्याशी वैर नाही. पाण्याचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंध जुळवत असतात. तेलकट पृष्ठाशेजारीही ते जुळतात, पण ठरावीक दिशांनाच तोंड करून. ही मोकळीक गेली की एन्ट्रॉपी (रेणूंच्या मोकळिकीचं माप) घटते. प्रथिनावरचा तेलकट भाग फिनाइलला टेकला की मधलं पाणी सुटतं आणि ती परत मिळते. आमटीवर तेलाचे थेंब एकमेकांत मिसळून तवंग मोठा होतो, त्यातही पाण्याचाच हात असतो.

म्हणजे तुमच्या कॉलमवरची पकड मुख्यतः एन्ट्रॉपीच्या जोरावर आहे. एन्थाल्पी (जोडणीत घेतली किंवा सोडली जाणारी उष्णता; घेतली तर धन, सोडली तर ऋण) शून्याच्या आसपास किंवा धन असते, आणि उष्णता घेऊन होणारी जोडणी गारठ्यात सैल पडणारच. समजा, एन्थाल्पी मोलमागे अधिक २० किलोज्यूल आहे. २५ वरून ४ अंशांवर आलात की धारणा-गुणक (कॉलम किती धरून ठेवतो याचं माप) ०.५४ पट, जवळपास निम्मा होतो. प्रत्यक्षात घट याहून मोठी असते. बांधणीत उष्माधारकता (तापमान एक अंश वाढवायला लागणारी उष्णता) कमी होते, त्यामुळे तापमान उतरेल तशी एन्थाल्पी आणखी धन होत जाते. म्हणूनच इथला व्हान्ट हॉफ आलेख (धारणा-गुणकाचा लॉगरिदम विरुद्ध १/तापमान) सरळ न येता वाकतो. त्यावर बळेच सरळ रेषा बसवू नका.

सी-१८ वर गोष्ट वेगळी. तिथे तुमच्या मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल भरपूर असतं, त्यामुळे पाण्याची ती शिस्त आधीच मोडलेली असते. शिवाय लहान रेणू अठरा कार्बनांच्या साखळ्यांमध्ये शिरतो आणि त्यांच्या आकर्षणामुळे उष्णता बाहेर पडते. एन्थाल्पी ऋण. ती मोलमागे उणे १५ किलोज्यूल धरली तर २५ वरून ३५ अंशांवर धारणा-गुणक सुमारे १८ टक्के घटतो. डेड टाइम (अजिबात न चिकटणाऱ्या रेणूला कॉलम ओलांडायला लागणारा वेळ) १ मिनिट असेल तर १० मिनिटांचा पीक ८.४ मिनिटांना येतो.

तुमच्या पद्धतीचं मूळ स्वीडनमधल्या उप्सालाचं. मीठ वाढवलं की प्रथिनं जास्त चिकटतात हे रसायनशास्त्रज्ञ टिसेलियस यांनी १९४८ मध्ये दाखवलं आणि १९७३ मध्ये त्यांचे शिष्य येर्टेन यांनी पद्धतीला ‘हायड्रोफोबिक इंटरॅक्शन’ हे नाव दिलं. अमोनियम सल्फेट पाण्याचा पृष्ठताण वाढवतं, त्यामुळे तेलकट पृष्ठ उघडं ठेवणं पाण्याला महाग पडतं. प्रथिन उष्णतेला नाजूक असल्याने कोल्ड रूम सोडता येत नसेल, तर सल्फेट १ वरून १.५ मोलर करून पाहा. आधी एका नळीत थोडं प्रथिन घेऊन ते गढूळ होत नाही ना, एवढं तपासा.

बफर कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. ट्रिस असेल तर २५ अंशांना ८.० ला जुळवलेला पीएच ४ अंशांना ८.६ च्या घरात जातो, आणि दोष तापमानाचा की पीएचचा हे कळत नाही. फॉस्फेट घ्या. मग १०, १५, २० आणि २५ अंशांवर, प्रत्येक वेळी कॉलम त्या तापमानाला पुरेसा वेळ ठेवून, त्याच मिठात धारणा मोजा. प्रथिन अजिबात सुटत नसेल तर मीठ इतकं कमी करा की चारही ठिकाणी पीक मोजता येईल.

प्रबंधात व्हान्ट हॉफ आलेखाच्या उतारावरून काढलेली एन्थाल्पी खुशाल लिहा, कोणत्या तापमानाची ते सांगून. आलेखाची रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते, त्या छेदावरून एन्ट्रॉपी मात्र काढू नका. त्या आकड्यात कॉलमचं फेज-गुणोत्तर (कॉलममधला स्थिर भाग आणि वाहता द्रव यांचं प्रमाण) मिसळलेलं असतं, आणि ते तुम्ही मोजलेलं नाही.