फ्लेअर घ्यायचेत? आधी टायर किती बाहेर येतोय ते मोजा

प्रश्न: दादा, माझ्या ऑफ-रोड गाडीला 235 चे टायर होते, आता 265 चे टाकतोय, सोबत रिमपण बदलतोय, जुन्या रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये) प्लस 40 होता आणि नव्याचा प्लस 10 आहे. फेंडर फ्लेअर, म्हणजे चाकाच्या कमानीवर बसणाऱ्या रुंद पट्ट्या, ऑनलाइन बघून ठेवलेत, बाहेरून बोल्ट दिसतात ते पॉकेट स्टाइलवाले, लुक जबरदस्त आहे. ऑर्डर टाकू का?

उत्तर: अजून नको. टायर आणि रिम आधी गाडीवर चढू देत, फ्लेअरचं त्यानंतर बघू. बरेच जण फोटो बघून फ्लेअर घेऊन मोकळे होतात आणि मग टायर दोन बोटं बाहेरच राहतो, म्हणजे ज्यासाठी एवढा खर्च केला तेच काम होत नाही. टायर उघडा राहिला की चिखल आणि खडी थेट दरवाज्यावर, काचेवर आणि मागून येणाऱ्याच्या अंगावर जाते.

तुमचा हिशोब इथेच करू. ऑफसेट 40 वरून 10 वर आला म्हणजे अख्खं चाक 30 मिलिमीटर बाहेर सरकलं. टायर 30 मिलिमीटरने रुंद झाला, त्यातला निम्मा म्हणजे 15 बाहेरच्या बाजूला. झाले 45 मिलिमीटर. आतल्या बाजूला मात्र उलट 15 मिलिमीटर जागा मोकळी होते, त्यामुळे सस्पेन्शनला घासायची भीती कमी. पण हे कागदावरचं गणित झालं, मुळातला टायर बॉडीच्या किती आत होता त्यावर खरा आकडा ठरतो.

तो काढायला एक ओळंबा पुरतो. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ, चाकाच्या कमानीच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने दोरा लावा आणि ओळंबा खाली सोडा. दोरा टायरला टेकून वाकत असेल तर तो मोकळा लटकेल एवढी एक लाकडी पट्टी कडेला धरा, आणि तिच्या जाडीतून दोरा व टायर यांच्यामधली फट वजा करा. टायरचा सगळ्यात फुगीर भाग कडेच्या किती बाहेर आहे ते मोजा. समजा 35 मिलिमीटर आलं तर फ्लेअरचं कव्हरेज 40 ते 50 च्या आसपास हवं. इथे नीट बघा, बॉक्सवर कधीकधी फ्लेअरची पूर्ण रुंदी लिहिलेली असते आणि त्यात पत्र्यावर बसणारा भागही धरलेला असतो, आपल्याला कामाचा आकडा कमानीच्या कडेपासून बाहेरचा. पुढे-मागे किती झाकायचं यासाठी युरोपातल्या कारच्या नियमाचं माप मला पटतं, चाकाच्या मध्यातून सरळ वर जाणाऱ्या रेषेपासून पुढे 30 अंश आणि मागे 50 अंश. मागे जास्त का, तर चिखल उडतो तो मागच्याच बाजूने. तुमच्याकडे नियम काय आहे आणि गाडीची रुंदी वाढलेली चालते का, तेही घेण्याआधीच विचारून ठेवा.

आणि फ्लेअर लावल्याने आत जागा वाढत नाही, हा गैरसमज फार आहे. बाहेर सरकलेलं चाक वळताना मोठा घेर घेतं आणि बंपरच्या कोपऱ्याला किंवा कमानीच्या मागच्या कडेला लागतं. म्हणून एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवा, सस्पेन्शन पूर्ण दबू द्या, आणि गाडी अगदी हळू पुढेमागे घेत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बाजूला एक माणूस बघायला हवाच. घासत असेल तर पत्रा कापून बसवायचे कट-आउट फ्लेअर घ्यावे लागतील किंवा टायर लहान करावा लागेल, तिसरा उपाय म्हणजे बंपस्टॉप (सस्पेन्शनचं दबणं अडवणारा रबरी ठोकळा) वाढवणं, पण त्यात सस्पेन्शनची हालचाल कमी होते आणि ऑफ-रोडला तीच तर हवी असते.

प्रश्न: एबीएस प्लॅस्टिकचे घेऊ, रबरासारखे लवचिक घेऊ, फायबरग्लास की स्टील? दुकानदार प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर: झाडीत, खडकात जाणार असाल तर माझं मत सरळ आहे, लवचिक घ्या. टीपीओ किंवा पॉलियुरेथेन या लवचिक प्लॅस्टिकचा फ्लेअर झाडाच्या बुंध्याला दाबला गेला तर वाकतो आणि परत जागेवर येतो. एबीएस कडक, दिसायला सुबक, रंगही छान धरतो, पण जोरात आपटला की तडकतो आणि साधा एबीएस उन्हाने पांढुरका पडतो, वर ॲक्रिलिकचा थर असलेला घेतला तर बराच टिकतो. फायबरग्लास ऑफ-रोडला नकोच, एका धडकेत चिरतो. स्टील तुटत नाही हे खरं, पण धक्का जातो कुठे? मागच्या पत्र्यात. फ्लेअर बदलणं स्वस्त, फेंडर सरळ करणं महाग, म्हणून फ्लेअरने आधी हार मानलेली बरी.

प्रश्न: ड्रिल करायला जीव होत नाही. नुसत्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर राहतील का?

उत्तर: रुंद फ्लेअर नुसत्या टेपवर सोडू नका, चिखलाचं वजन आणि फांद्यांचा हिसका त्याला झेपत नाही. कंपनीच्या मूळ भोकांत बसणारा सेट तुमच्या मॉडेलला मिळत असेल तर पहिली पसंती त्याला. टेप सोबत असेल तर पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, 21 ते 38 अंश तापमानात चिकटवा आणि गाडी लगेच धुऊ नका, थ्रीएमच्या व्हीएचबी टेपला पूर्ण पकड यायला 72 तास लागतात.

ड्रिल करावंच लागलं तर भोकाची कड घासून प्रायमर, त्यावर रंग, आणि बोल्ट लावताना थोडं वॅक्स. हे केलं नाही तर गंज तिथूनच सुरू होतो आणि फ्लेअरखाली असल्यामुळे दिसतही नाही. फ्लेअर आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी पट्टी हवीच, नाहीतर अडकलेली वाळू गाडीच्या थरथरीने रंग घासून काढते. बोल्ट पान्याने ताकद लावून आवळू नका. एबीएस स्टीलपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं, 1 मीटर लांबीचा तुकडा 40 अंशांच्या फरकात साधारण 3 मिलिमीटर वाढतो, पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. सरकायला जागा ठेवली नाही तर चीर बोल्टपासूनच पडते. म्हणून फ्लेअरमधली भोकं लांबट असलेला सेट बघा, नायलॉनचे वॉशर टाका.

प्रश्न: काळे ठेवू की बॉडी कलर?

उत्तर: काळे, खरबरीत फिनिशचे. ओरखडे दिसत नाहीत. रंगवायचेच असतील तर बसवण्याआधी रंगवा, आणि टीपीओ असेल तर आधी ॲडहेजन प्रमोटर (रंगाला पकड देणारा थर) मारायला सांगा, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

प्रश्न: मागच्या दरवाज्याजवळचा तुकडा वेगात फडफडतो आणि दरवाजा उघडताना अडतोही.

उत्तर: चार दरवाज्यांच्या बऱ्याच गाड्यांत मागची कमान दरवाज्यावरून जाते, म्हणून तिथला फ्लेअर दोन तुकड्यांत असतो. दरवाज्यावरचा तुकडा सैल करा, दरवाजा हळूहळू उघडत दोन्ही तुकड्यांत सगळीकडे सारखी फट येईल असा सरकवा, मग पक्का करा. तरी फडफडत असेल तर आतली क्लिप तुटलीय का बघा. इंधनाचं झाकण पूर्ण उघडतंय ना, पार्किंग सेन्सर झाकला गेला नाही ना, हेही त्याच वेळी तपासा. आणि चिखलातून आल्यावर पाइप आतून, कमानीच्या खालून वर मारा, तिथे ओला चिखल साचून राहतो.