घरबसल्या पिक्चर: भाड्यानं काय घ्यावं, काय सोडावं

प्रश्न: ताई, आमच्याकडं थेटर नाही. नांदेडला जायचं म्हणलं की गाडीभाडं, पोरांचं खाणंपिणं धरून हजार कुठंच गेले. म्हणून आता टीव्हीवरच पिक्चर भाड्यानं घ्यायचं ठरवलंय. सासूबाई अन् पोरं सगळे मिळून बघणार, पैसे टाकण्यासारखं नवीन मराठीत काय हाय? – एक वाचक, लोहा तालुका

अहो तुम्ही लोह्याच्या अन् मला विचारायलात! 'पाणी' बघितला नसेल तर आधी तोच घ्या. नागदरवाडी तुमच्याच तालुक्यातली, तिथल्या हनुमंत केंद्रेंनी गावात पाणी आणलं त्याची ही गोष्ट, डायरेक्ट केलाय आदिनाथ कोठारेनं आणि हनुमंतही तोच झालाय. 2019 ला पर्यावरणावरच्या सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला पण थेटरात यायला 2024 चा ऑक्टोबर उजाडला, तोही दिवाळीच्या तोंडावर, त्यामुळं आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा हुकलाच असणार. पाणी नाही म्हणून गावात पोरगी द्यायला कुणी तयार नाही हे पुण्यामुंबईच्या माणसाला पिक्चरमधलं वाटत असेल, आपल्याकडं सोयरिकीच्या बैठकीत ते तोंडावर विचारतात, 'पाण्याचं कसंय तुमच्याकडं?' आणि मग पुढचं बोलणं. हनुमंतची सोयरीक तिथंच अडते, आणि मला पिक्चर आवडला तो याच्यासाठी, कारण नुसती बंधारे अन् श्रमदानाची माहिती दिली असती तर सासूबाई अर्ध्या तासात झोपल्या असत्या, इथं पोराचं लग्न जमतंय का नाही हे बघायला त्या जाग्या राहतील. मधे थोडा रेंगाळतो, खोटं कशाला बोला. पण 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते ज्यांनी बघितलंय त्यांना तो रेंगाळलेला भागही लांबला असं वाटणार नाही.

दुसरा 'आता थांबायचं नाय'. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीचे कामगार मोठ्या वयात रात्रशाळेत जाऊन दहावी करतात, खऱ्या घटनेवरचा आहे, भरत जाधव, सिद्धार्थ जाधव दोघंही आहेत. शेवट काय होणार ते पहिल्या पंधरा मिनिटात कळतं, तरी पोरांसोबत बघायला एकदम बरोबर.

प्रश्न: मॅडम, मी रूमवर राहतो, रोजचा दीड जीबी डेटा. भाड्यानं घेतला अन् अर्धाच बघून झाला तर पैसे बुडतात का? – एक विद्यार्थी, उदगीर

लगेच बुडत नाहीत पण घड्याळ चालू होतं. प्राईम व्हिडिओ काय अन् युट्युब काय, साधारण नियम असा की पैसे भरल्यापासून 30 दिवसात कधीही सुरू करा, पण एकदा प्ले दाबलं की 48 तासात संपवायचा. म्हणून 'चालतंय का बघू' म्हणून प्ले दाबू नका, त्यासाठी ट्रेलर असतो. शनिवारी रात्री नऊला लावला तर सोमवारी रात्री नऊपर्यंत तुमचा. डेटाचं म्हणाल तर एचडीत तासाला तीन जीबीपर्यंत जाऊ शकतात, तुमचा दीड जीबी इंटरव्हलच्या आधीच उडेल. मोबाईलवरच बघायचा तर क्वालिटी कमी ठेवा, तेवढ्या स्क्रीनवर फरक कळत नाही, नाहीतर कुणाच्या वायफायवर आधी डाउनलोड करून घ्या. अजून एक, प्राईमची मेंबरशिप नसली तरी तिथं भाड्यानं मिळतो, आणि मेंबरशिप असली तरी भाड्याच्या पिक्चरचे पैसे वेगळेच पडतात, यावरून लई जण चिडतात. तुमच्या रिचार्जसोबत एखादं ॲप फुकट आलंय का तेही बघा, तोच पिक्चर तिथं पडलेला असतो अन् आपण दीडशे रुपये देऊन बसतो.

आमच्या लहानपणी गणपतीत वर्गणी काढून टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं आणायचे, मशीन सकाळी परत द्यायची म्हणून एका रात्रीत तीन पिक्चर, तिसऱ्याला अर्धी गल्ली चटईवर आडवी. त्या मानानं 48 तास म्हणजे चैन आहे राव.

प्रश्न: भाचीला बघायला पाहुणे यायलेत, चहापोहे करून करून वहिनी कंटाळलीय. घरातल्या बाप्यांना दाखवावा असा एखादा सांगा. – एक मावशी, अंबाजोगाई

'स्थळ'. जयंत सोमलकरचा, 2025 च्या मार्चमधे आलेला. विदर्भातलं गाव, नेहमीचे नटनट्या नाहीत, गावातलीच माणसं. सुरुवातीलाच पोरीचं स्वप्न आहे, त्यात बाया बसल्यात अन् पोराला समोर बसवून प्रश्न विचारायल्यात. तिथं बाप्ये खदाखदा हसतील, हसू द्या. पुढं तेच प्रश्न पोरीला, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, प्रत्येक पाहुण्यापुढं परत पहिल्यापासून. आरडाओरडा नाही, रडारड फार नाही. सगळ्यात पैसे वसूल म्हणाल तर माझ्या मते हाच, फक्त पाहुणे येऊन गेलेल्या दिवशीच लावू नका.

प्रश्न: 'दशावतार' मोबाईलवर बघितला तर चालतो का? आणि 'जारण' पोरांसोबत? – एक वाचक, परभणी

'दशावतार' टीव्हीवरच बघा, कोकणातलं ते जंगल अन् ते दिलीप प्रभावळकर तळहाताएवढ्या स्क्रीनवर मावत नाहीत, टीव्ही नसेल तर थांबा. 'जारण' पोरांसोबत अजिबात नको, करणी-भानामतीच्या गोष्टी आपल्याकडं आधीच काय कमी नाहीत. मोठ्यांनी अमृता सुभाषसाठी बघावा, तिनं कमाल केलीय, पण भाड्यानं घ्यायच्या आधी कुठं सबस्क्रिप्शनमधे मिळतोय का ते शोधा.